रेमडेसिवीरच्या रांगेत आपण का उभे राहिलो?

“डॉक्टर, आत्ता गरज नाही म्हणता, पण रात्री-अपरात्री लागलं तर? दोन इंजेक्शनं आणून ठेवू का?” एप्रिल २०२१ मध्ये असे फोन मला रोज येत. पेशंट बहुतेक वेळा घरीच असायचा, ऑक्सिजन ९६-९७, ताप उतरत आलेला.

त्या वेळच्या सरकारी सूचनांनुसार रेमडेसिवीर फक्त रुग्णालयात दाखल झालेल्या आणि ऑक्सिजन लागणाऱ्या ठरावीक रुग्णांसाठी होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं तर नोव्हेंबर २०२० मध्येच दाखल रुग्णांनाही ते देऊ नये असं सुचवलं होतं. त्यानं मृत्यू टळतात असा पुरावा तोवर मिळाला नव्हता. तरी पुण्यात रांगा लागल्या, काळाबाजार झाला आणि ११ एप्रिलला केंद्राला निर्यात थांबवावी लागली.

याला नुसती हाव म्हणणं मला पटत नाही. घरातलं माणूस वॉर्डात, भेटायला बंदी, हातात करण्यासारखं काहीच नाही. अशा वेळी इंजेक्शन शोधत फिरणं एवढंच जमण्यासारखं असतं. ‘आपण कमी पडलो’ असं पुढे वाटू नये, ही धास्ती आजाराच्या भीतीइतकीच मोठी असते. त्यात रांग दिसली की मन तिलाच पुरावा मानतं: एवढे लोक उभे आहेत म्हणजे औषध गुणकारीच असणार! (आमच्यापैकी काही डॉक्टरांनीच सरसकट चिठ्ठ्या लिहून दिल्या, हेही कबूल करायला हवं.)

पण साठवलेल्या औषधाची किंमत दुसराच कुणी मोजतो. मार्च २०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं नाव बातम्यांत आलं आणि निरोगी लोकांनी त्याच्या स्ट्रिप्स घरी नेल्या. ल्युपस आणि संधिवाताचे रुग्ण मात्र हीच गोळी वर्षानुवर्षं रोज घेतात. त्यांना ती मिळेना.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइडची आपली नेहमीची औषधं महिनाभराची घरी असणं ही साठेबाजी नाही. ती जरूर ठेवा. एखादं नवं औषध चर्चेत आलं, तर मात्र दुकानात जाण्याआधी डॉक्टरांना विचारा: “हे मिळालं नाही तर आमच्या पेशंटचं नेमकं काय बिघडेल?”

त्या फोनवर माझं उत्तर बहुतेकदा हेच असे: “काहीही नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावून दिवसातून चार वेळा आकडा लिहून ठेवा. ९४ च्या खाली गेला, तर दुकानात नाही, थेट दवाखान्यात या.”