हिमवर्षाव आणि वाकळ

गेल्या सत्रात आम्ही आठवीच्या मुलांस ‘माझी आजी’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितले. एका विद्यार्थ्याने लिहिले, ‘माझ्या आजीचे हात पहिल्या हिमवर्षावासारखे मऊ आहेत.’ मुलगा गोव्यातला. हिम त्याने चित्रातच पाहिलेले. ही उपमा कोठून आणलीस, असे विचारता त्याने निःसंकोचपणे सांगितले, की बाबांच्या फोनवर चादरींच्या जाहिरातीचा ई-मेल आला होता. त्यातले वाक्य आवडले, म्हणून घेतले. हिम मऊ असेल. परंतु ते थंडही असते. आजीचे हात थंड आहेत, असे त्या बिचाऱ्यास खचितच म्हणावयाचे नव्हते!

आम्हांस हसू आले; पण दोष मुलाचा नव्हे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थ्यूर्क या विक्रेत्याने आपल्या कंपनीचे संगणक खपविण्यासाठी सुमारे ४०० जणांस एकच पत्र संगणकाच्या जाळ्यातून धाडले. जाहिरातीच्या ई-मेलची सुरुवात तीच, असे मानतात. तेव्हापासून रीत बदललेली नाही. पत्र एकदा लिहावे आणि सर्वांस पाठवावे. ते दूर कोठेतरी इंग्रजीत लिहिले जाते आणि पुष्कळदा यंत्राकडून मराठीत उतरते. मग ‘बेसबॉलच्या चेंडूएवढे’ उपकरण आमच्या दारी येते आणि ‘आपला स्वयंपाक पुढील पातळीवर न्या’ असा उपदेश आमच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांस ऐकावा लागतो.

येथवर गोष्ट विनोदाची आहे; पुढे ती तशी राहत नाही. आमच्या ओळखीच्या एका पालकांस ‘आपण कर्जास पात्र आहात’ असे पत्र आले. मराठी माणूस ‘पात्र’ या शब्दाचा जो अर्थ घेतो, तोच त्यांनी घेतला. कर्ज मिळालेच असे समजून त्यांनी छपराचे काम काढले व कौले उतरविली. पुढे कळले, की ते केवळ अर्ज करण्याचे आमंत्रण होते. मृग तोंडावर आलेला. अखेर उसनवारी करून त्यांस घर शाकारावे लागले. शब्द नेमका न वापरल्याची किंमत लिहिणाऱ्यास द्यावी लागत नाही. ती वाचणाऱ्यास द्यावी लागते.

परकीय शब्द नकोत, असा आमचा आग्रह नाही. पाव, बटाटा, चावी, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि आपल्या घरचे झाले. कारण त्या त्या वस्तू आपल्या हाती आल्या. परक्या माणसास आपली भाषा साधत नाही, असेही नव्हे. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ते १५७९ साली गोव्यास आले. येथील लोकांची भाषा ते शिकले आणि त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. मराठीची थोरवी सांगताना त्यांनी आपल्या देशातील फुलांचे दाखले दिले नाहीत. फुलांत मोगरी, सुगंधांत कस्तुरी, पक्ष्यांत मयूर अशा उपमा त्यांनी योजिल्या. आपला वाचक कोणत्या अंगणात उभा आहे, हे त्यांनी आधी पाहिले. आजच्या जाहिरातपत्रांत उणीव आहे ती नेमकी या पाहण्याची.

आम्ही घरी कोंकणी बोलतो व शाळेत मराठी शिकवितो. एका भाषेतून दुसरीत जाताना शब्द तोलून घ्यावा लागतो, हा आमचा नित्याचा अनुभव आहे. म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचे सांगणे एवढेच, की उपमा लिहिण्यापूर्वी ती वस्तू आपण पाहिली आहे काय, हे मनाशी विचारावे. पाहिली नसेल, तर साधे वाक्य लिहावे. आणि घरात कोणास असे पत्र आले, तर त्यांच्याजवळ बसून ते सावकाश वाचून दाखवावे. घरात शिकलेले मूल असल्याचा तेवढा तरी उपयोग व्हावा!

त्या विद्यार्थ्यास आम्ही पुन्हा विचारले, “खरे सांग, आजीचा हात कसा लागतो?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “जुन्या लुगड्यांच्या वाकळेसारखा. थोडा खरखरीत, पण ऊबदार.”

आम्ही त्यास तेच वाक्य वहीत लिहावयास सांगितले.