'येथे' म्हणजे कुठं?

'येथे क्लिक करा.'

दोस्तांनो, या तीन शब्दांवर आज भांडायचं आहे. हसू नका. अत्याचार, आरक्षण, बेकारी सोडून हा वेबसाइटच्या लिंकांवर कुठं घसरला, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. वस्तीतल्या पोराची शिष्यवृत्ती, म्हातारीची पेन्शन, जातीचा दाखला, भरतीची जाहिरात, परीक्षेचं हॉलतिकीट, सगळं आता लिंकमागं जाऊन बसलंय. पूर्वी कचेरीच्या दाराशी शिपाई उभा असायचा. आता लिंक उभी असते. शिपायाला निदान विचारता यायचं, 'भाऊ, हे कुठलं ऑफिस?' लिंक मात्र तिच्यात लिहिलंय तेवढंच बोलते. आणि बोलते काय? 'येथे.'

येथे म्हणजे कुठं?

डोळसाला कळतं. त्याला वरची ओळ दिसते, शेजारचा रकाना दिसतो, निळं अक्षर दिसतं. ज्याला दिसत नाही त्याच्या हाताशी स्क्रीन रीडर असतो. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. संगणकावर एनव्हीडीए नाहीतर जॉज, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. यातलं एनव्हीडीए मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ साली लिहायला घेतलं आणि जगाला फुकट दिलं, कारण महागडं सॉफ्टवेअर विकत घेण्याची ऐपत सगळ्या अंधांची नसते. आज ते मराठीही वाचतं. म्हणजे हत्यार आहे. चालवणारा आहे. अडलंय कुठं?

अडलंय पाटीवर. डोळस माणूस पान वाचत नाही, नजरेनं चाळतो. अंध माणूसही चाळतोच, पण कानानं. टॅबची कळ दाबत एका लिंकवरून पुढच्या लिंकवर जातो. किंवा एनव्हीडीएत इन्सर्ट आणि एफ-७ या कळा दाबतो, की पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी वेगळी निघते. आजूबाजूचा मजकूर गळून पडतो, नुसती लिंकांची नावं उरतात. मग कानात काय पडतं? 'येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. अधिक वाचा. डाउनलोड. येथे क्लिक करा. डाउनलोड. अधिक वाचा.' वीस दारं आणि वीसही दारांवर एकच पाटी. पाटीवर लिहिलंय 'दार'.

आता वस्तीतला एक अंध पोरगा डोळ्यांसमोर आणा. बारावी झालाय. शिष्यवृत्तीची मुदत उद्या संपते. पानावर अर्ज आहे, पण कुठल्या 'येथे'त आहे ते त्यानं प्रत्येक दार उघडून बघायचं. एकात मंत्र्याचा फोटो, दुसऱ्यात गेल्या वर्षीचं परिपत्रक, तिसऱ्यात काहीच नाही. तासभर झगडून शेवटी तो उठतो आणि सायबर कॅफेत जातो. तिथल्या माणसाच्या हातात आधार कार्ड देतो, पासवर्ड सांगतो, बँकेचा खातेनंबर सांगतो, फोनवर आलेला ओटीपी सांगतो. त्या माणसानं काय भरलं ते याला दिसत नाही. वर पन्नास-शंभर रुपये मोजायचे ते वेगळेच.

मराठीत म्हणतात, दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पिणं. आपल्या आज्या-पणज्यांसाठी ती म्हण नव्हती. विहिरीला शिवायचं नाही. कुणा सवर्णाला दया आली तर तो वरून धार सोडणार, आपण खाली ओंजळ धरायची. तहान आपली, मर्जी त्याची. आज त्या पोराच्या वाट्याला तेच आलंय. फरक इतकाच की या विहिरीला काठ नाही आणि शिव्या घालायला समोर पाटील नाही.

कायदा नाही म्हणून हे चाललंय असं समजू नका. वेबची तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं १९९९ सालीच लिहून ठेवलं की लिंक कुठं नेते ते स्पष्ट सांगा. २००८ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.० मध्ये त्याला क्रमांक मिळाला, २.४.४. पातळी 'ए', म्हणजे सगळ्यांत खालची पायरी. तो नियम म्हणतो, लिंकचा हेतू तिच्या शब्दांतून कळला पाहिजे, नाहीतर त्याच वाक्यातून, परिच्छेदातून तरी. सगळ्यांत वरच्या 'एएए' पातळीवर आणखी एक नियम आहे, २.४.९: लिंक एकटी वाचली तरी कळली पाहिजे. बहुतेकांनी पहिल्या नियमातली पळवाट तेवढी धरली. 'वाक्यात आहे की सगळं!' अरे, वाक्यात आहे, पण यादीत नाही. यादीतून उठून वाक्य शोधत मागं जायचे कष्ट कुणाचे? अंधाचे. तुझे दोन शब्द वाचले, त्याची दहा मिनिटं गेली.

आणि हे सवर्णांच्याच, सरकारच्याच साइटींवर चालतं असंही नाही. जगभर बोंब आहे. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटींची मुखपानं तपासते. २०२४ साली त्यांतल्या ४४.६ टक्के पानांवर रिकाम्या लिंका निघाल्या. रिकाम्या म्हणजे नावच नसलेल्या. 'येथे'सुद्धा नाही. नुसतं चित्र, आणि चित्राच्या मागं एक अक्षर नाही.

आपल्याकडं २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. नियम २०१७ साली निघाले. सेवा देणाऱ्या सरकारी-खासगी सगळ्यांना दोन वर्षांची मुदत होती. ती २०१९ सालीच संपली. मग ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की कायदा सक्ती म्हणतो आणि तुमचा नियम १५ नुसत्या शिफारशी करतो, हे चालणार नाही. सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयानं आणखी एका खटल्यात सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्या खटल्यात ॲसिड हल्ल्यातून वाचलेली माणसं होती, दृष्टी गेलेली माणसं होती. केवायसीसाठी त्यांना यंत्र म्हणत होतं, डोळे मिचकावा!

ही गोष्ट ऐकल्यासारखी वाटते ना? वाटणारच. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोल्यांचा ठराव झाला असं नुसतं पाठ करू नका, त्याचं पुढं काय झालं ते आठवा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनंही ठराव केला, चवदार तळं खुलं. कागदावर तळं खुलं, आणि काठावर आपला एक माणूस नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यात उतरले, तेव्हा ठरावाला पाणी लागलं. त्यानंतरही मारहाण झाली, गोमूत्र-शेणानं तळं 'शुद्ध' झालं, आणि कोर्टात दहा वर्षं, १९३७ सालापर्यंत, भांडावं लागलं. ठराव पाणी पाजत नाही, हे महाडनं शिकवलं. कायदा आहे म्हणून लिंक बोलू लागणार नाही.

व्यवस्थेला मात्र स्वस्तातला उपाय नेहमी सापडतो. पहिला उपाय, गोड नाव. आपल्याला 'हरिजन' म्हणाले. देवाची माणसं, पण देवळाबाहेर. आपण ते नाव तोंडावर फेकलं. २०१५ च्या अखेरीस अपंगांना 'दिव्यांग' हे नाव आलं. अपंगांच्या चळवळीतले कितीतरी जण तेव्हाच ओरडले, आम्हाला दिव्यत्व नको, रॅम्प द्या. दुसरा उपाय, पानाच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह. दाबलं की अक्षर मोठं होतं, रंग बदलतो. लिंक तीच, 'येथे'. दोन ओळींचं सॉफ्टवेअर चिकटवा, साइट आपोआप सुगम होईल, असं विकणाऱ्या एका कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ साली दहा लाख डॉलर भरायला लावले. शेणावर चांदीचा वर्ख लावून बर्फी होत नाही.

आता आपल्या घरात या. बाहेरच्यांना शिव्या देणं सोपं आहे. आपल्या पोरांच्या साइटी उघडा. 'बाबासाहेबांचे भाषण वाचण्यासाठी येथे क्लिक करा.' मोर्च्याचं ठिकाण आणि वेळ पोस्टरच्या चित्रात, चित्राखाली शब्द नाही. जुन्या अंकांच्या पीडीएफचं नाव 'स्कॅन ००४७ फायनल नवीन'. कुठं कुठं तर उघडावाघडा पत्ता डकवलेला. स्क्रीन रीडर तो वाचतो, 'एच टी टी पी एस कोलन स्लॅश स्लॅश', आणि पुढं मिनिटभर आकडे. समतेचा लेख आत, आणि दार फक्त डोळसाला.

'आपल्याकडं आंधळे येतात कोण?' असं विचारणारा भेटतो. अरे बाबा, दार दिसत नाही म्हणून येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून तू दार करत नाहीस. हाच हिशेब देऊळवाल्यांनी आपल्याला सांगितला होता. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले, त्यांतले ५० लाखांवर दृष्टीचे. लोकसंख्येत अपंगांचं प्रमाण २.२१ टक्के. अनुसूचित जातींत किती? २.४५ टक्के. जास्त. उपासमार, गटारं, उशिरा मिळालेला डॉक्टर, याचा हिशेब शरीरावरच लिहिला जातो. म्हणजे तो अंध पोरगा कुणी दुसरा नाही, आपल्याच गल्लीतला आहे. आणि धर्मानं दोघांना एकच कारण सांगितलं, मागच्या जन्मीचं पाप. ते कारण आपण जाळलं. मग आपल्या साइटीवर ते कशाला जपायचं?

करायचं काय? पैसा लागत नाही. परवानगी लागत नाही.

लिंकला तिचं नाव द्या. मराठी वाक्यात नाव आधी येतं आणि 'येथे' शेवटी, म्हणून आपण आळशासारखे शेवटच्या शब्दाला लिंक लावतो. 'जातीच्या दाखल्याच्या अर्जासाठी येथे क्लिक करा' हे वाक्य मोडा. 'जातीच्या दाखल्याचा अर्ज' एवढीच लिंक करा. 'क्लिक' तर फेकूनच द्या. अंध माणूस माउस धरत नाही, कळ दाबतो. फाइल असेल तर सांगा: 'जातीच्या दाखल्याचा अर्ज, पीडीएफ, २ एमबी'. गरिबाचा डेटा पॅक वाचेल. वेगळेपणाचा शब्द पुढं घ्या. वीस लिंका 'शासन निर्णय दिनांक' अशाच सुरू झाल्या तर प्रत्येक वेळी तेवढं ऐकूनच पुढं जावं लागतं. 'वसतिगृह प्रवेश: शासन निर्णय' असं लिहा. दोन लिंका दोन ठिकाणी जात असतील तर दोघींना एकच नाव नको. चित्राची लिंक असेल तर चित्रामागं शब्द लिहा. जुन्या फाँटातलं मराठी फेका, युनिकोड वापरा; जुन्या फाँटात डोळ्याला 'भीम' दिसतं आणि यंत्राला इंग्रजी कचरा. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगा. मग स्वतः पडदा बंद करून, एनव्हीडीए लावून, नुसती लिंकांची यादी ऐका. कळली तर पान खुलं.

नावात काय आहे, असं विचारणाऱ्यांना आपल्या इतिहासात उत्तर आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ते १९९४ आपली घरं जळली, माणसं मेली. नुसती पाटीच तर बदलायची, असं शहाणे तेव्हाही म्हणत होते. पाटीवर कुणाचं नाव असतं आणि ती कुणाला वाचता येते, यावरच तर आत कुणी जायचं ते ठरतं.

म्हणून आधी आपल्या साइटी दुरुस्त करा, याच आठवड्यात. मग समाजकल्याणच्या, विद्यापीठाच्या, महामंडळाच्या साइटींच्या लिंकांची यादी काढा, कागदावर छापा, प्रत्येक 'येथे'खाली लाल रेघ मारा आणि तो कागद घेऊन साहेबाच्या टेबलासमोर उभे राहा. अंध साथीला सोबत घ्या, पुढं ठेवा, बोलू द्या. साहेबाला एकच प्रश्न विचारा.

येथे म्हणजे कुठं?

जय भीम!