फूटी संपल्यावर खेळाडूच्या डोक्याचं काय?

ग्रँड फायनलच्या दिवशी रिटायर होणाऱ्या खेळाडूंना गाडीतून एमसीजीची फेरी घडवतात. आपण टाळ्या वाजवतो, पोरं झेंडे हलवतात. मग घरी येऊन विसरून जातो.

ज्यांना टीव्हीवर काम मिळतं ते दिसत राहतात. बाकीच्यांचं काय?

रिचमंडचा शेन टक १७३ मॅचेस खेळला. जुलै २०२० मध्ये गेला, वय अवघं ३८. मेंदू तपासला तर गंभीर सीटीई निघाला. डोक्याला वारंवार मार बसून होणारा हा आजार. माणूस जिवंत असताना त्याचं खात्रीशीर निदानच होत नाही. टकने नंतर बॉक्सिंगही केलं होतं, हे खरं. पण सेंट किल्डाचा माजी कॅप्टन डॅनी फ्रॉली आणि जीलाँगचा दिग्गज पॉली फार्मर यांच्या मेंदूतही तेच सापडलं.

डिसेंबर २०२३ मध्ये व्हिक्टोरियाच्या कॉरोनरनी टकच्या प्रकरणात शिफारस केली की सरावातल्या धडकांवर मर्यादा घाला. चांगलंच आहे. पण ते आज खेळणाऱ्यांसाठी. ज्यांचं खेळून झालंय त्यांना काय?

खरी गोम कायद्यात आहे. गोदामात कामावर तुमची पाठ गेली तर वर्ककव्हर आहे. पण पगार घेऊन मैदानात उतरणारा खेळाडू त्यातून वगळलेला! म्हणूनच २०२३ मध्ये जीलाँगचा माजी खेळाडू मॅक्स रूक क्लास अ‍ॅक्शन घेऊन सुप्रीम कोर्टात गेला.

कुणी म्हणेल, एवढे डॉलर मिळतात, धोका माहीत असतो. अहो, परातीवर चढणाऱ्या बांधकाम कामगारालाही धोका माहीत असतो. म्हणून त्याची भरपाई आपण नाकारतो का? आणि मोठा पैसा मोजक्यांनाच. कितीतरी पोरांना दोन-चार वर्षांत क्लब नारळ देतो. खेळाडूंच्या संघटनेचा मदतनिधी आहे, पण मदत वेगळी आणि हक्क वेगळा.

आपली मुलं शनिवारी सकाळी ऑसकिकला जातात, म्हणजे हा आता आपलाही प्रश्न आहे. तुमच्या भागातल्या राज्याच्या एमपीला एवढंच विचारा: फुटबॉलर कामगार का नाही? काय उत्तर येतं ते खाली कमेंटमध्ये जरूर लिहा.