एकजूट किरणांची

ठाण्याची वागळे इस्टेट ही १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. तेथील अनेक कारखान्यांच्या जागी आज काचेची संकुले उभी असली, तरी पत्रा कापणारा, जोडणारा लघुउद्योजक ठाण्यापासून डोंबिवली-अंबरनाथपर्यंत अजून पाय रोवून आहे. त्याच्या हाती आता लेझर कटिंगचे यंत्र आले आहे. यंत्राचा सांगाडा देशात बनतो. प्रकाश निर्माण करणारा डायोड मात्र बहुतांशी परदेशातून येतो. प्रश्न येथेच आहे.

खरे तर या क्षेत्रात आपण उपरे नाही. धातू कापण्यासाठी जगाने अनेक दशके ज्यावर भिस्त ठेवली, त्या कार्बन डायऑक्साइड लेझरचे जनक चंद्रकुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. शोध मात्र लागला १९६४ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत! त्या वायू-लेझरमध्ये विजेचा जेमतेम दहावा हिस्सा प्रकाशात उतरतो. डायोड निम्म्याच्या आसपास वीज प्रकाशात बदलतो. वीजबिल भरणाऱ्याला याहून अधिक सांगायला नको.

अडचण अशी की, एक डायोड देतो सुमारे दहा वॅट आणि जाड पोलाद कापायला लागतात हजारो. म्हणजे शेकडो किरण एकत्र आणणे आले. ते नुसते शेजारी-शेजारी रचले, तर शक्ती वाढते, पण झोतही रुंदावतो. तो सुईच्या अग्राएवढ्या बिंदूवर आणता येत नाही. त्यावर एक तोड म्हणजे हा प्रकाश यिटर्बियमयुक्त काचतंतूत ओतून त्यातून एकच तीक्ष्ण किरण मिळवणे. आज कारखान्यांत सर्रास दिसणारे फायबर लेझर ते हेच. दुसरी युक्ती अधिक देखणी. लोलक पांढऱ्या प्रकाशाचे सात रंग करतो, हे आपण शाळेत शिकलो. तीच क्रिया उलटी करायची: प्रत्येक डायोडला किंचित वेगळी तरंगलांबी द्यायची आणि जाळीदार आरशावर, म्हणजे ग्रेटिंगवर, सर्वांना एकाच वाटेला लावायचे. झोत एकाच डायोडइतका बारीक राहतो, बळ मात्र साऱ्यांचे.

विजेवरील वाहनांमुळे यास नवी निकड आली आहे. बॅटरी व मोटारीत तांबे लागते आणि तांबे अवरक्त प्रकाश बहुतांशी परतवून लावते. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश ते निम्म्याहून अधिक शोषते. म्हणून निळ्या डायोडांचे एकत्रीकरण हा आज जगभरातील स्पर्धेचा विषय आहे.

इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात लेझरवर दीर्घकाळ काम चालू आहे. १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल येथे संरक्षण संशोधन संस्थेने ३० किलोवॅटच्या लेझर शस्त्राची यशस्वी चाचणी घेतली. हे अभिमानास्पद खरेच. पण कर्नूलचे सामर्थ्य डोंबिवलीच्या शेडपर्यंत कधी पोहोचणार? २०२१ मध्ये जाहीर झालेल्या ७६ हजार कोटींच्या सेमीकंडक्टर योजनेत संयुक्त अर्धवाहकांनाही स्थान आहे आणि डायोड बनतो तो गॅलियम आर्सेनाइडसारख्या अशाच पदार्थांतून. शासनाने मोबाइलच्या चिपइतकेच लक्ष इकडे द्यावे. उद्योजक संघटनांनीही केवळ सवलती मागत न बसता चाचणी व दुरुस्तीचे एखादे सामाईक केंद्र या पट्ट्यात उभारावे आणि आयटीआयच्या मुलांना तेथे शिकू द्यावे. त्या शिक्षणात पहिला धडा डोळ्यांचा असावा. अवरक्त किरण दिसत नाही, आणि साधा काळा चष्मा त्याला अडवत नाही.