नखे कुरतडणे हा गुन्हा नव्हे

गणिताचे एखादे अवघड उदाहरण फळ्यावर लिहिले गेले की वर्गात जरा नजर फिरवा. दोन-चार जणांची बोटे तरी तोंडात गेलेली दिसतील. कदाचित तुमचेही बोट त्यांत असेल. घरोघरी यावर ठरलेले उपाय आहेत. ‘नखे खाल्ली की दारिद्र्य येते’ अशी भीती घालायची, हातावर चापट मारायची, नाहीतर बोटांना मिरची चोळायची. हे उपाय बंद झाले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी नख म्हणजे काय ते पाहू. केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा तो थर असतो. तो मुळाशी, कातडीखाली तयार होतो आणि महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे दिवसाला ०.१ मिलिमीटर. प्रयोगशाळेतील साध्या व्हर्निअर कॅलिपरचे लघुत्तम माप एवढेच असते! म्हणून कुरतडलेले नख पुन्हा वाढते. तथापि कडेची कातडी सोलली गेली की नखुरडे होते, पुढचे दात झिजतात आणि नखांखालच्या मळातून जंतांची अंडी पोटात जाऊ शकतात. तोटे आहेत, यात शंका नाही.

पण मूल नखे कुरतडते कशामुळे? चिंता हे त्याचे एक कारण आहे, एकमेव नव्हे. कंटाळा आला, मन एखाद्या कोड्यात गुंतले किंवा एखादी गोष्ट जमेना म्हणून चीड आली, तरी हात नकळत तोंडाकडे जातो. क्षणभर बरे वाटते आणि तेवढ्यानेच सवय पक्की होते. बहुतेकांची ती वयाबरोबर सुटते. तेव्हा नखे खाणारा प्रत्येक जण मनोरुग्ण असतो, ही समजूत चूक. पण ‘त्यात काय एवढे?’ असे म्हणून सोडून देणेही चूकच. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात, वारंवार प्रयत्न करूनही न सुटणारी आणि मनस्ताप देणारी ही सवय मंत्रचळाशी संबंधित विकारांत धरली आहे.

आता विचार करा. चिंतेमुळे ज्याचे बोट तोंडात जाते, त्याला चापट मारली तर त्याची चिंता कमी होईल की वाढेल? ताप चढला म्हणून तापमापी फोडण्यासारखेच हे झाले.

यापेक्षा चांगला मार्ग आहे. १९७३ साली नेथन अझरिन व ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी सवय पालटण्याची एक पद्धत मांडली. तिची सुरुवात निरीक्षणाने होते. बोट कधी आणि कोठे तोंडाकडे जाते, याची नोंद ठेवायची. मग ओढ जाणवताच हातांना दुसरे काम द्यायचे: सुमारे ३ मिनिटे मूठ आवळून धरायची किंवा हातात एखादी वस्तू घट्ट पकडायची. घरच्यांनी रागावण्याऐवजी कौतुक करायचे.

वहीच्या मागच्या पानावर आठवड्याचा तक्ता आखून हा प्रयोग तुम्हीही करू शकता. समजा, गणिताच्या तासाला पाच खुणा झाल्या आणि चित्रकलेच्या तासाला एकही नाही. मग उपाय बोटांवर करायचा की गणिताच्या भीतीवर? शिक्षकबंधुभगिनींनो, असा तक्ता एखाद्या मुलाने विश्वासाने दाखवला, तर तो प्रगतिपुस्तकापेक्षा अधिक सांगेल. मात्र तो वर्गासमोर वाचून दाखवू नका.

बोटांतून रक्त येऊ लागले, झोप उडाली किंवा शाळाच नकोशी झाली, तर मात्र थांबू नये. आपल्या शहरात घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. हात मोडला तर आपण डॉक्टरकडे जातो. मन थकले तरी तसेच जावे. त्यात लाजण्यासारखे काहीही नाही.