काटा किलोमीटरचा की तासांचा?

तुमच्या दारात ट्रॅक्टर असेल तर आजचा विषय तुम्हाला अर्धा ठाऊकच आहे. ट्रॅक्टर किती किलोमीटर फिरला, असे कोणी विचारीत नाही. किती तास चालला, ते विचारतात. तासांच्या मीटरवरचा आकडा पाहून आपण ऑइल बदलतो, फिल्टर बदलतो. मग त्याच दारात उभी असलेली पिकअप आपण नुसत्या किलोमीटरवर का सांभाळतो?

गावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने फारसे बिघडत नाही. पण मुरबाड-शहापूरकडची भेंडी किंवा ओतूरकडून माळशेज उतरून आलेला भाजीपाला घेऊन गाडी कल्याणच्या बाजारात शिरली की हिशेब बदलतो. आपली कितीतरी पोरे ठाणे-डोंबिवलीत टेम्पो नाहीतर टॅक्सी चालवून घराला हातभार लावतात. कल्याण-शिळ रस्ता, दुर्गाडीचा पूल, ठाण्याचा घोडबंदर रस्ता, ही नावे त्यांच्यापुढे नुसती काढून पाहा! कल्याणचा जुना पत्री पूल २०१८ साली पाडला आणि नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधली दोन वर्षे तिथून रोज गाडी काढणाऱ्यांनी कशी काढली, ते त्यांनाच ठाऊक. अशा कोंडीत किलोमीटरचा काटा जागचा हलत नाही, इंजिन मात्र धडधडतच असते.

हिशेब मांडून पाहू. ताशी सरासरी ४० किलोमीटरने चालणारी गाडी १०,००० किलोमीटर तोडायला २५० तास घेते. सरासरी २० वर आली तर तेवढ्याच अंतराला ५०० तास लागतात. इंजिन दुप्पट चालले, पण मीटर दोन्ही गाड्यांचे सारखेच! दहा हजारांवर ऑइल बदलायचे म्हणून थांबलेल्या दुसऱ्या गाडीचे ऑइल केव्हाच काळे आणि निःसत्त्व झालेले असते. क्लच तर विचारूच नका. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत खडतर वापराच्या गाडीसाठी सर्व्हिस लवकर करा असे बहुधा लिहिलेले असते, पण ते पान उघडतो कोण? आणि इंजिन खोलायची पाळी आली की एका हंगामाची शिल्लक गॅरेजात जाते.

आणखी एक. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ डिझेल गाड्यांपैकी बहुतेकांना धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. ही काजळी जळायला गाडी काही वेळ मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने पळावी लागते. रोज कोंडीत रखडणाऱ्या गाडीचा फिल्टर तुंबतो आणि समोर दिवा लागतो. तो दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे लगेच करावे. वायर काढून दिवा विझवणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

आता मोबाइलकडे वळू. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा किंवा मुलगी कल्याण-ठाण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत असेल आणि ड्रायव्हरसाठी गाडीच्या देखभालीचे अ‍ॅप करावे असे मनात असेल, तर त्यांना हे पान जरूर वाचून दाखवा. अशा अ‍ॅपची नेहमीची रीत म्हणजे किलोमीटर भरा, तारीख भरा, मग आठवण येईल. आपल्या ट्रॅक्टरचे शहाणपण त्यात घातले पाहिजे. इंजिन चालू करताना एक मोठे बटण दाबावे, बंद करताना दुसरे. तास मोबाइलने मोजावेत. बटण दाबायचे राहिले तर संध्याकाळी अ‍ॅपने एकदा विचारावे, "आज किती तास गाडी चालली?" अलीकडच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली एक सॉकेट असते. त्यात छोटे यंत्र बसवले तर इंजिनचे फेरे थेट मोबाइलवर दिसतात. पण त्याची सक्ती नको, खर्च वाढतो.

घाटात रेंज जाते, म्हणून सारे काम रेंजवाचून चालले पाहिजे. चालत्या गाडीत अ‍ॅपने तोंड उघडू नये. त्याने मराठीत बोलावे, आणि आठवण ड्रायव्हरबरोबर घरीही पोहोचवावी. गाडीच्या खर्चाची वही बहुतेक घरांत बाईमाणसाच्याच हाती असते. ऑइलचे पैसे बाजूला काढून ठेवायचे तर तिला आधी कळायला हवे.

मात्र ब्रेक ऑइल ना तासांवर जाते, ना किलोमीटरवर. ते महिन्यांवर जाते. ते हवेतला ओलावा शोषते, आणि आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. माळशेज उतरताना ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होते, पेडल खाली बसते आणि भरलेली गाडी थांबत नाही. म्हणून गाडी उभी असली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलावे, आणि घाट उतरताना खालचा गिअर सोडू नये. टायरचेही तसेच. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३२१ असेल तर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यातला टायर. अ‍ॅपने फोटोवरून एवढे वाचले तरी पुष्कळ झाले.

कागदपत्रांसाठी नवे काही करायला नको. डिजिलॉकर आणि एम-परिवहन यांतली लायसन, विमा, पीयूसी यांची कागदे नाक्यावर दाखवता येतात; २०१८ साली नियमांत तशी सोय झाली. तारखा मात्र चुकवू नका. मालवाहू गाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. विम्यावाचून प्रथम सापडलात तर २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही.

असे अ‍ॅप हाती येईपर्यंत गाडीत एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवा. निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ आणि मीटरचा आकडा रोज लिहा. महिनाअखेरीस किलोमीटरला तासांनी भागा. उत्तर २५ च्या खाली आले, तर मेस्त्रीला ती वहीच दाखवा आणि ऑइल कधी बदलायचे ते त्याच्याशी बोलून ठरवा.