गोष्टीला हुद्दा विचारू नका

विज्ञानकथा आवडतात म्हटलं की आपली माणसं दोनच प्रश्न विचारतात. अजून पोरवयातच आहेस का? आणि त्यातून शिकलास काय? गावी हेच ऐकलं, इथे चंदीगडला सेक्टर २२ मध्ये भेटणाऱ्या मराठी मंडळींकडूनही हेच. नारळीकर चालतात, कारण ते शास्त्रज्ञ. नारायण धारप मात्र टाइमपास!

अहो, १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवताना नारळीकरांनी स्वतःचं नाव लपवलं होतं. आद्याक्षरं उलटी फिरवून ते ‘नारायण विनायक जगताप’ झाले. नावाच्या वजनावर नव्हे, गोष्ट म्हणून गोष्ट जोखली जावी, एवढ्यासाठी. बक्षीस जगतापांना मिळालं. आपण मात्र आजही आधी हुद्दा बघतो, मग सॅल्यूट ठोकतो. धारपांच्या ‘आजी’ कथेचा धागा घेतलेला ‘तुंबाड’ २०१८ मध्ये पडद्यावर आला, तो डोक्यावर घेतला. मूळ कथा किती जणांनी शोधून वाचली?

आणि कल्पनेला नावं कुठे बसून ठेवता? हे शहरच आधी कागदावर कल्पिलेलं. शेतं आणि गावं होती तिथे चौकोन आखले, वस्त्यांना नावांऐवजी आकडे दिले. त्या आकड्यांतून १३ तेवढा वगळला! सेक्टर २२ तर अगदी सुरुवातीला वसलेल्यांपैकी.

गोष्टीकडून शिकवणी मागू नका. ‘असं झालं तर?’ हा प्रश्न झोप उडवतो, तेवढं मला पुरतं. हुद्द्याला सलाम फौजेत ठीक आहे. पुस्तकांच्या कपाटात तो गोष्टीलाच करावा.